उलट्या वाऱ्याचा पंखा

वाऱ्यालाही स्वभाव असतो असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गेवराईचे बापूमुन्शी. पिंजलेल्या कापसाचा पुंजका चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि पंख्यासमोर मान जराशी तिरकी करून बसायचे. सोनारानं सोनं कसाला लावावं तसा हा गृहस्थ वारा कसाला लावायचा. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "न्हाई. तापट हाय." दुसऱ्या खेपेला म्हणायचे, "उतावळा हाय, येतो कवा अन् जातो कवा." एकदा तर म्हणाले, "ह्यो वारा खुशामती हाय, शेटजी. तोंडावर गोड, माघारी काईच न्हाई."

शेटजी म्हणजे मी. त्यांच्या घराला लागून माझं कापडाचं दुकान होतं. माल भरायला मी जालन्याला जायचो आणि दर खेपेला बापूमुन्शी मला एकच काम सांगायचे, पंख्याची पाती आणा. शहागडला गोदावरी ओलांडायची, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, बाजारात पंख्याची पाती हुडकत हिंडायचं आणि घरी येऊन "खुशामती हाय" हे ऐकायचं. तरी मी जात राहिलो. शेजार मोडवत नाही.

त्या पंख्याबद्दल आधी सांगायला हवं. तेव्हा वीज हैदराबादेत आहे असं आम्ही नुसतं ऐकून होतो. बापूमुन्शींचा पंखा रॉकेलवर चालायचा. खाली बत्ती, तिच्यावर लोखंडी नळा, आणि वर माणसाच्या खांद्याला येतील अशी पितळी पाती. बत्तीनं नळा तापला की आतला दांडा वरखाली व्हायचा आणि पाती फिरायला लागायची. म्हणजे वैशाखात गार वारा घ्यायचा तर आधी घरात आग पेटवायची. बदलून गेलेल्या एका तहसीलदारानं जाताना तो बापूमुन्शींच्या वडिलांना, आबांना, भेट म्हणून दिला होता. आख्ख्या तालुक्यात तसा दुसरा पंखा नव्हता आणि आबांनी ही गोष्ट कुणाला विसरू दिली नाही.

पंखा बैठकीत, माजघराच्या दाराला पाठ करून उभा असायचा. समोर गादीवर लोडाला टेकून आबा आणि आल्यागेल्याची वर्दळ. मागे दारावर पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे बाजेवर वहिनी, म्हणजे बापूमुन्शींची बायको. वहिनींना दमा होता. उन्हाळ्यात त्यांना आडवं पडताही यायचं नाही, उशाला गाठोडं घेऊन बसून राहायच्या. बैठकीतलं बोलणं थांबलं की त्यांच्या छातीची घरघर ऐकू यायची. मग बैठकीतली माणसं आवाज जरा चढवून बोलायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

बापूमुन्शी तहसील कचेरीत उर्दूतून अर्ज लिहायचे आणि अदब त्यांच्या अंगात मुरली होती. मांजराला हाकलतानाही "चला, तशरीफ उचला" म्हणायचे. वडिलांसमोर तर त्यांनी कधी मांडी घालून बसल्याचं मला आठवत नाही, पन्नाशीचा माणूस गुडघे दुमडून बसायचा. आणि वडिलांसमोर बायकोशी बोलणं? छे. वहिनींना काही विचारायचं असलं तर भिंतीकडं बघून विचारायचे, "आज घरात जेवण हाय का कसं?" भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "हाय म्हणावं." आमच्या वेळी सगळ्याच घरांत थोडंफार असं होतं, पण बापूमुन्शींच्या घरी भिंतीला जरा जास्तच काम होतं.

तर एका शुक्रवारी, निजामी कचेरीला सुट्टी असताना, बैठक भरली होती. एक पाहुणे वारा जवळून घ्यावा म्हणून पंख्याला खेटून बसले आणि त्यांच्या उपरण्याचं टोक पात्यांत गेलं. पाहुणे वाचले, उपरणं गेलं, आणि चारी पाती वेडीवाकडी झाली. त्यातलं बरं दिसणारं एक पातं घेऊन बापूमुन्शी करीमभाई कलईवाल्यांकडं गेले. म्हणाले, "अशीच चार पायजेत. नमुन्याबरहुकूम. तसूभर फरक न्हाई चालायचा."

करीमभाई पोटाला चिमटा घेऊन काम करणारा, शब्दाला पक्का माणूस. त्यांनी तसूभर फरक केला नाही. ते पातं दिसायला धड होतं, पण ओढाताणीत त्याचा पीळ पार उलट्या बाजूला वळला होता. करीमभाईंनी तो उलटा पीळ चारी पात्यांत हुबेहूब उतरवला.

पाती बसवली, बत्ती पेटवली. आम्ही सगळे उपरणी सावरून, तोंडं पुढं करून बसलो. पंखा फिरला, चांगला जोरात फिरला. वारा मात्र नाही. आबांनी गळ्याची गुंडी सोडली. मी जवळ सरकलो. तेवढ्यात मागचा पडदा फुगला आणि आत उडाला.

करीमभाई बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मुन्शीजी, हवा तो बराबर हय. सिर्फ उधर जारी."

बैठकीत हसू फुटलं. त्या हशात मला आतूनही एक हसणं ऐकू आल्यासारखं वाटलं. बारीक, बायकी, मधे खोकला न येता पूर्ण झालेलं. बापूमुन्शी हसले नाहीत. हात मागं बांधून, मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, बिचाऱ्याला चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं असेल.

करीमभाई तिथल्या तिथं पाती उलटी पिळून द्यायला तयार होते. बापूमुन्शी म्हणाले, "नको. पितळ एकदा वाकलं ते वाकलं. पुन्ना पिळलं तर तडकंल." मी म्हणालो, मग पंखाच फिरवून ठेवा की, पाठ इकडं आणि तोंड तिकडं. सोपी गोष्ट होती. पण बापूमुन्शींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मशिदीत जोडे घालून शिरलोय. "शेटजी, पंख्याच्या म्होरं पितळेचा मोर हाय. पाव्हण्याला मोर दावायचा का पाठ दावायची? काई अदब हाय का न्हाई?" आबांनाही ते पटलं. घरात अदब आबांनीच आणली होती, ते काय बोलणार.

ठरलं असं की योग्य पाती मिळेपर्यंत हीच राहू द्यायची. आणि योग्य पाती काही मिळेनात.

मी जालन्याहून पितळी आणली. तापट. टिनाची आणली. "आवाज ऐका, कोतवाल आल्यागत वाटतंय." इथल्या सुतारानं सागवानी करून दिली, ती फिरायला लागल्यावर आबा सुखावून म्हणाले, "वा, बरा लागतोय की." बापूमुन्शी कापूस खाली ठेवून म्हणाले, "आबा, ह्यो झोत हाय. झुळूक न्हाई. तुमच्या छातीला बाधंल."

"माज्या छातीला आजवर कायबी बाधलं न्हाई," आबा म्हणाले. "कशाला काढतो बे?"

पण बापूमुन्शींनी सागवानी पाती उतरवली, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि करीमभाईंची उलटी पाती पुन्हा चढवली. ती चढवताना मात्र फार जपायचे. धोतराच्या सोग्यानं पुसायचे, तेलाचा थेंब सोडायचे. वाईट पात्यांची इतकी निगा कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नोकर वाईट असला तरी पोटाला घालावं लागतं."

असे उन्हाळे गेले. बैठकीत आम्ही हातात ताडपंखे घेऊन घाम पुसत बसायचो आणि मधोमध तो मोर दाखवणारा पंखा रॉकेल पिऊन माजघराला वारा घालायचा. नवे तहसीलदार आले तेही असेच भिजून गेले. करीमभाईंना गाव "उल्टी हवा" म्हणून चिडवायला लागलं. ते हसून घ्यायचे, पण बापूमुन्शींच्या दारावरून जायचं त्यांनी सोडलं. बापूमुन्शी मग घरातली सगळी भांडी, कलई उडालेली असो नसो, त्यांच्याकडंच पाठवायचे. मला ती पण त्यांची लहरच वाटली.

मधे आबा गेले. मला वाटलं, आता अदबीचा प्रश्न मिटला, आता तरी पंखा फिरेल. पण पंखा तिथंच, मोर पुढं. मला सांगणं झालं, "मुंबईवाली अस्सल पाती मागवा. तेवढी बघू." मी जालन्याच्या व्यापाऱ्याकडं मागणी नोंदवली. पेटी यायला बरेच महिने लागले आणि ती घेऊन मी गेवराईत उतरलो तेव्हा वहिनींचं दिवसकार्य उरकलं होतं.

दुपारी पेटी घेऊन त्यांच्याकडं गेलो. बैठकीत कुणी नव्हतं. पंखा बंद होता. बापूमुन्शी मांडी घालून बसले होते, ते बघूनच मला कसंतरी झालं. मी पेटी उघडली. पाती सुरेख होती, अगदी मूळच्यासारखी. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"ठिवा तिथं," म्हणाले. "शेटजी, तुमाला लई हेलपाटे घालाया लावले म्या. तुमी आणलेली समदी पाती चांगली व्हती. पैली पितळी तर लईच चांगली."

मी म्हणालो, "मग?"

त्यांनी पडद्याकडं बोट केलं. पडदा सरळ लोंबत होता.

एवढ्यानं मला कळायला हवं होतं, पण त्यांनीच सांगितलं. त्या पहिल्या दिवशी पडदा उडाला आणि वहिनी हसल्या, ते हसू त्यांनीही ऐकलं होतं. आधीची कित्येक वर्षं पंखा बैठकीत फिरत होता आणि पडद्यापलीकडं बाई श्वासासाठी झगडत होती. बायकोसाठी पंखा आत न्या, असं आबांसमोर म्हणायची त्यांची छाती झाली नाही. गाव काय म्हणेल, आबा काय म्हणतील. आणि करीमभाईंच्या चुकीनं ते न बोलता होऊन गेलं. मग ती चूक कधी दुरुस्त होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

"करीमचं नाव खराब झालं माज्यापायी," ते म्हणाले. "आन् आबा गेल्यावं कोण व्हतं अडवाया? कुणीच न्हाई. पंखा उचलायचा अन् आत ठिवायचा, एवढंच व्हतं. तेबी माज्यानं झालं न्हाई. सवय झाली व्हती चोरून द्यायची."

मी पेटीचं झाकण लावलं. त्यांना आणखी काही बोलायचं आहे हे दिसत होतं.

"जायच्या आदल्या दिशी ती काय म्हणली ठाव हाय? म्हणली, आवो, आता तरी पाती बदला. इतकी वर्सं तुमच्या वाट्याचा वारा चुकून माज्याकडं येतोय. तुमी घामानं भिजता, मी हितं गार बसते. जिवाला बरं न्हाई वाटत."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आन् म्या काय म्हणलो? बघू म्हणलो. जालन्याहून यायलीत म्हणलो. मधी पडदाबी न्हवता, शेटजी. मी बाजेवर तिच्या शेजारी बसलो व्हतो. तरीबी निघालं न्हाई तोंडातून."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. इतक्या पात्यांना नावं ठेवायला ज्या माणसाकडं शब्द होते, त्याच्याकडं बायकोला सांगायला एक वाक्य नव्हतं. पण मी तरी माझ्या घरी कुठं असलं काही बोललो होतो?

मग ते उठले. पंख्याची बत्ती पेटवली, नळा तापेपर्यंत उभे राहिले. करीमभाईंची पाती फिरायला लागली, पडदा फुगला आणि आत गेला. बापूमुन्शी पडदा बाजूला सारून माजघरात गेले आणि वहिनींच्या बाजेवर बसले.

"ह्यो एकच वारा म्या कवा पारखला न्हाई," ते म्हणाले.

कोनाड्यातला कापूस घेतला, चिमटीत धरला, डोळे मिटले, मान तिरकी केली. पुंजका हळूहळू हलत राहिला. मी उंबऱ्याशी उभा होतो. जुन्या सवयीनं निकालाची वाट बघत होतो.

"मंद हाय," बऱ्याच वेळानं म्हणाले. "झुळूक हाय. हीच पायजे व्हती."

डोळे त्यांनी उघडले नाहीत.

"तिला सांगाया पायजे व्हतं, तुज्यासाठीच हाय म्हणून."