जबाबदार नेमबाजीचा अर्ज

प्रबोधराव तरुणपणी रायफल नेमबाजीत राज्यात दुसरे आले होते. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात मुलाकडे महिनाभर राहायला आल्यावर ही गोष्ट त्यांनी आठ वर्षांच्या नातीला सांगितली. इशिता म्हणाली, "आजोबा, यू ब्लफ लाह. थापा!"

प्रबोधरावांना ते फार लागलं. इमारतीखालच्या बागेत बाकावर माइलो पेयाचे तीन रिकामे डबे मांडायचे आणि इशिताच्या पाण्याच्या पिस्तुलाने पाडून दाखवायचे, असं ठरलं. पण मुलगा विवेक बँकेत कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, बघत होता.

"बाबा, परवानगी लागेल."

"पाणी उडवायला?"

"जागा सार्वजनिक आहे."

"नियम आहे का तसा?"

"नसेल तर आधी विचारलेलं बरं."

विवेकने वसाहतीच्या ऑफिसला ईमेल केली. उत्तर आलं : असा नियम नाही, परंतु आपण विचारल्यामुळे तो करणे भाग आहे. सोबत चार पानी फॉर्म. 'दारूगोळ्याचा प्रकार' या रकान्यात विवेकने लिहिलं, 'नळाचे पाणी'.

तिथेच घोळ झाला. अठराव्या दिवशी परवानगी आली, ती अटींसह. साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात, सबब पिस्तूल कोरडे असावे. डबे हा कचरा आहे, सबब लक्ष्य नसावे. लक्ष्यामागे कोणी उभे राहू नये. लक्ष्य नसल्यास ही अट सर्व दिशांना लागू राहील.

रविवारी सकाळी दहा वाजता ऑफिसचे मिस्टर टॅन क्लिपबोर्ड घेऊन हजर झाले. प्रबोधरावांनी श्वास रोखला, डावा डोळा मिटला आणि रिकाम्या बाकावर चाप ओढला. टिक्.

"लागला का रे?"

"बाबा, अगदी नियमात झालं."

मिस्टर टॅननी अहवाल भरला. एकूण नेम : एक. चुकलेले : शून्य. अचूकता : शंभर टक्के. खाली शिक्का मारला.

इशिताने अहवाल दोनदा वाचला. "आजोबा, यू रिअली चॅम्पियन आह!"

प्रबोधराव आयुष्यात प्रथमच पहिले आले होते.

पलीकडच्या इमारतीखाली दोन मुली पाण्याच्या पिस्तुलाने डबे पाडत होत्या. एक, दोन, तिसराही आडवा. प्रबोधरावांनी नकळत टाळी वाजवली. इशिताने त्यांचा हात खाली ओढला.

"डोन्ट क्लॅप, आजोबा. त्यांनी फॉर्म भरलाय का?"

विवेकचा ऊर भरून आला. परदेशात मुलांवर संस्कार होत नाहीत, असं आपण उगीच म्हणतो.