जयवंताच्या चौकटी

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोलंबी सोलणं. भांडुपला, आमच्याच दारात बसून. समोर राहणारा जयवंत शेजारी उकिडवा बसून आमचं चित्र काढत होता. चित्र म्हणजे माणसांचं नाही. चौकटी आणि बाण. 'डोकं काढलं', बाण, 'धागा काढला', बाण, 'काकी ओरडल्या'.

"कोलंबी सोलूक नकाशो कित्याक व्हयो रे मेल्या?" ती म्हणाली.

"गेमला, काकी. हाताने कोड लिहायचा नाही! चित्र काढायचं, बाकी मशीन लिहितं."

हे त्याचं पालुपद. पंचेचाळिशीचा एकटा गडी, धंदा मोबाइलचे गेम बनवायचा. एक चौकट बदलली, बटण दाबलं, की मशीन अख्खा गेम नव्याने लिहून देतं म्हणे. मी चौथी शिकलेला, मला तो जादूटोणाच. पण त्याला सगळं जगच चौकटीत दिसायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याने काढलं, 'सेक्रेटरी रागावले', बाण, 'सेक्रेटरी जास्त रागावले'. मुलगी बघायला गेला, तिथेही कागद बाहेर. 'होकार'च्या चौकटीकडे एकही बाण जात नव्हता. मुलीनेच बोट ठेवून दाखवलं आणि आत निघून गेली.

कोलंबी सोलली त्याच संध्याकाळी बायकोच्या छातीत दुखलं, आणि ती गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. जेवलो तर जेवलो. एक दिवस जयवंत दारात उभा.

"काका, गेम तपासायला माणूस हवाय. रोज दुपारी या. तुमच्यावाचून अडलंय."

गेलो. माझी बोटं जाड, गेममधली सगळी कोलंबी खाली पडायची. मी शिव्या घालायचो, तो टाळ्या वाजवायचा. "झकास! हीच चूक हवी होती!" मला वाटायचं, आपण नसतो तर याच्या धंद्याची वाट लागली असती.

एकदा जरा लवकर गेलो. तो आत चहा टाकत होता, आणि पडद्यावर गेम आपोआप चालू. कोलंबी पडते, मशीन चूक टिपतं, पुन्हा खेळतं. वाऱ्यासारखं.

"हे कोण खेळतंय रे?"

"मशीन. त्याच चित्रावरून तपासणीही तेच करतं."

"कधीपासून?"

तो चहा घेऊन बाहेर आला.

"मग मला कशाला बोलावतोस? कीव करतोस माझी?"

"नाही ओ काका." त्याच्या हातात दोन कप होते. "आई गेल्यापासून या घरात कोणी शिव्याच घातल्या नव्हत्या."

मी चहा न पिताच तणतणत घरी आलो. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. आमच्या घरात खुर्च्या दोन. तिची होती ती उचलली, पॅसेजमधून ओढत नेली आणि जयवंताच्या खुर्चीला लावून ठेवली.

"सरक, गधड्या," म्हटलं.