शटलवर्थबाईंकडची चौऱ्याहत्तर मिनिटं

दुरुस्ती कंपनीच्या ऑफिसात मालकाच्या मुलीने, शाझियाने, पाकीट टेबलावरून पुढे सरकवलं आणि ती संगणकाकडे बघत बसली. क्लिफर्ड होल्डनने ते उघडलं. आत त्याच्या व्हॅनचे दोन फोटो होते. एक आत शिरतानाचा, एक बाहेर पडतानाचा. खाली पार्किंग कंपनीने शंभर पौंड दंड मागितला होता.

"हे तिसरं, क्लिफकाका," शाझिया म्हणाली. "वर्षात तीन झाली की व्हॅन काढून घ्यायची आणि माणूस गोदामात बसवायचा. नियम बाबांनी केलाय, मी नाही."

"तुझ्या बाबांनी तो केला तेव्हा मी शेजारीच होतो. तेव्हा या बर्नली गावात गाडी कुठेही लावता यायची!"

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

क्लिफर्ड म्हणजे एकसष्ट वर्षांचा माणूस. घरोघरचे गरम पाण्याचे बॉयलर दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. बायको मार्जरी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दिवसभरात जे काही बोलणं कानावर पडायचं ते लोकांच्या स्वयंपाकघरात. गोदामात पाइप होते, आणि पाइप बोलत नाहीत.

"दाद मागता येते," शाझियाने पत्राची मागची बाजू वाचली. "शटलवर्थबाईंच्या इमारतीत कामगारांच्या गाडीला तीस मिनिटं फुकट. काम त्याहून जास्त चाललं तर रहिवाशाचं तसं पत्र हवं. तुम्ही होतात चौऱ्याहत्तर मिनिटं. काय काम होतं?"

"वॉशर बदलला."

"चौऱ्याहत्तर मिनिटं?"

"वीस. मग वीस मिनिटं चहा."

"आणि उरलेली चौतीस?"

"उरलेली चौतीस मी निघत होतो."

शाझियाने डोक्याला हात लावला. पण तीही बर्नलीचीच, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे माणूस दोन्ही मांड्यांवर थाप मारून "बरं तर मग" म्हणतो, म्हणजे निघायचा विषय नुसता निघालेला असतो. मग उभं राहायचं. मग उभ्या उभ्या शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकायचं. मग दाराशी पुन्हा एकदा "बरं तर मग". पहिल्याच थापेला जो खरंच उठून जातो, त्याचं काहीतरी बिनसलंय असं लोक समजतात.

"जा आणि पत्र घेऊन या," शाझिया म्हणाली. "आणि काका, चहा प्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी क्लिफर्डने व्हॅन लावली, फोनवर पंचवीस मिनिटांचा गजर लावला आणि तो तिसऱ्या मजल्यावर गेला. शटलवर्थबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि किटली आधीच चालू होती.

"चहा नको, बाई. एक पत्र हवंय फक्त. मी चौऱ्याहत्तर मिनिटं तुमच्याकडे काम करत होतो, एवढं लिहा."

"पण तू कुठे काम करत होतास? तू तर आल्याची बिस्किटं खात होतास."

"ते मला माहीत आहे!"

"मग मी खोटं कसं लिहू? रविवारी मी प्रार्थनेला जाते, क्लिफर्ड. पहिल्या रांगेत बसते."

"बाई, माझी व्हॅन जाईल. गोदामात बसावं लागेल मला."

"अरे देवा. मग खरं खरं सगळं लिहिते. साखर किती?"

"चहा नको म्हटलं ना!"

"ओरडू नकोस. साखर किती?"

"दोन," क्लिफर्ड म्हणाला.

बाईंनी चष्मा शोधला. मग पेन शोधलं. ते चालेना म्हणून दुसरं शोधलं. मग निळा कागद घ्यावा की पांढरा, यावर थोडा विचार केला. गजर वाजला तेव्हा त्या सही करत होत्या. क्लिफर्ड मांडीला हात न लावता उठला, "येतो" म्हणाला आणि जिना उतरून धावत व्हॅनपाशी पोचला. अठ्ठावीस मिनिटं! त्याने किल्ली लावली आणि वरून हाक आली.

"क्लिफर्ड! अरे, पत्र राहिलं!"

लिफ्ट कुणीतरी पाचव्या मजल्यावर अडवून ठेवली होती. क्लिफर्ड तीन मजले चढला, गुडघे धरून दारात उभा राहिला, आणि बाई म्हणाल्या, "केवढा धापा टाकतोयस. आधी पाणी पी." कॅमेऱ्याने व्हॅन बाहेर पडताना टिपली तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती.

चौथं पाकीट आलं तेव्हा शाझिया हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसली होती. "तिसऱ्याचा पुरावा आणायला गेलात आणि चौथं घेऊन आलात," ती म्हणाली. "बघू तरी काय लिहिलंय." तिने पत्र मोठ्याने वाचलं.

"श्री. होल्डन यांनी माझा बॉयलर वीस मिनिटांत दुरुस्त केला. पुढचा वेळ मी त्यांना बसवून घेतलं. ते चार वेळा निघाले, मी चारही वेळा नवीन विषय काढला. त्यांच्या बायकोला लिंबाचं लोणचं छान जमायचं, हे मला त्या दिवशी कळलं. आज ते पत्र मागायला आले तेव्हाही मीच चहा केला. चूक माझी आहे. थेल्मा शटलवर्थ."

"संपलं," क्लिफर्ड म्हणाला. "यात मी काम करत नव्हतो असं स्वच्छ लिहिलंय. गोदामाची किल्ली कुठे असते?"

शाझियाने कागदाची घडी केली. "दुसरं काही नाहीच आपल्याकडे," असं म्हणून तिने तो तसाच पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन्ही दंड रद्द. कारण असं दिलं होतं की, रहिवाशाच्या लेखी निवेदनावरून श्री. होल्डन सदर इमारतीत मुख्यतः पाहुणे म्हणून उपस्थित होते असे दिसते. पाहुण्यांच्या गाडीला दोन तास मोफत असतात. त्यांचे नाव श्रीमती शटलवर्थ यांच्या पाहुण्यांच्या यादीत नोंदवण्यात आले आहे.

"व्हॅन वाचली," शाझिया म्हणाली. "पण काका, पाहुणचाराच्या चौपन्न मिनिटांचा पगार कापणार आहे मी."

"काप," क्लिफर्ड म्हणाला. तो पुन्हा पत्रच वाचत होता. दोन वर्षांत त्याला कुणी पाहुणा म्हटलं नव्हतं, आणि आता एका पार्किंग कंपनीने लेखी म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, व्हॅन पाहुण्यांच्या रांगेत लावली आणि तिसऱ्या मजल्यावरची घंटी वाजवली. हातात काहीच नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. बाईंनी दार उघडून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हत्यारांची पेटी कुठाय?"

"आज कामाला नाही आलो. पाहुणा म्हणून आलोय."

"पाहुणा?" बाईंचा हात केसांकडे गेला. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं. "मग असं अवचित यायचं असतं का रे? थांब तिथेच. जरा आवरते."

आणि दार बंद झालं. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले, मग झाडू, मग बराच वेळ नळ. क्लिफर्ड जिन्यात उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने घड्याळ पाहिलं. दोन तासांतली चाळीस मिनिटं संपली होती, आणि आत आता पडदे बदलणं चाललं होतं.