देवराव मास्तरांना येत नाय

भूमितीच्या तासाला देवराव मास्तर खुर्चीकडे ढुंकूनही न बघता थेट पोरांच्या तरटावर मांडी घालून बसत आणि जाहीर करत, "मला हे येत नाय. बघू बरं, तुम्हाला जमतं का."

भिंतीपलीकडे माझा वर्ग, आणि मी दरारा असलेला माणूस. मास्तरानं असं बोलावं म्हणजे मास्तरकीची अब्रूच गेली, असं मला वाटे. त्यांची पोरं सुतळी ताणून त्रिकोण करत, कोनावरून भांडत. मध्येच देवराव एखाद्या घुम्या पोराकडे बोट करत. "थांबा, ह्याच्या मनात कायतरी हाय." आणि लेकाचं खरंच असे!

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट गेली आणि औरंगाबादेतल्या शाळा उर्दूतून मराठीत आल्या. देवराव मूळचे देवगाव रंगारीचे. घरात मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूतून. मराठीतून शिकवता येतं का, हे बघायला तपासनीस येणार होते, आणि ज्याला जमणार नाही त्याची नोकरी जाणार होती. मी त्यांच्याकडून भूमितीचे मराठी शब्द घोकून घेतले, तरटावर बसायचं नाही असं वचनही घेतलं. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

त्या सकाळी माझ्या पोरांना गणितं घालून मी त्यांच्या दाराशी उभा राहिलो. तपासनीस साहेब खुर्चीत बसले होते. देवरावांनी लिहायला घेतलं ते उर्दूच्या जुन्या सवयीनं फळ्याच्या उजव्या कडेपासून. दोन अक्षरांत फळा संपला. त्यांनी पुसलं, तर हात पुन्हा उजवीकडेच गेला. घोकलेला एक शब्द तोंडातून फुटेना. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 

"साहेब, मला नाय येत," देवराव म्हणाले आणि तरटावर जाऊन बसले.

संपलं, गेली नोकरी, असं मी धरून चाललो. पण पोरं उठली. सुतळी निघाली. त्रिकोणाचं तिसरं टोक एकानं बेधडक साहेबांच्या हातात दिलं. साहेब अर्धा तास ते धरून उभे, आणि तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन कशी होते, हे सगळा वर्ग त्यांना मराठीतून पटवत होता. जाताना त्यांनी शेरा लिहिला, आणखी एक वर्ष मुदत द्यावी.

मी देवरावांवर भडकलोच. येत नाही, हे साहेबासमोर सांगायची काय गरज होती?

"मी ह्या शहरात शिकाया आलो तवा उर्दूचा एक शब्द येत नव्हता," ते सावकाश म्हणाले. "वाटायचं, समद्यांना येतं, मला एकट्यालाच नाय. सात महिने तोंड उघडलं नाय. मास्तरानं घरी चिठ्ठी धाडली, पोरगं मुकं हाय. आमचे वडील, दादा, न्यायला आले. शहागंजात मी म्हणलं, दादा, तहान लागली. तर ते रस्त्यातच खाली बसून रडाया लागले."

मला फार लाज वाटली. माझ्याही वर्गात एक पोरगा वर्षभर बोलला नव्हता. मी त्याला गुणी समजत होतो.