जप्त गोवऱ्या

मंदाबाईंचा ऑपरेशन केलेला गुडघा बरा झाला, पण काठी काही सुटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काठी सोडा आणि खुशाल मनालीला जा. मनाली म्हणजे मंदाबाईंचं जुनं वेड, नदीकाठचं देवदारांचं राखीव जंगल आणि त्यातून नुसतं भटकायचं. आणि इथे पिपरीतल्या घरात त्या पलंगापासून टीव्हीपर्यंतसुद्धा काठी घेऊन जायच्या. कोणी काही म्हटलं की, "पडली म्हंजे?"

मग त्यांच्या नवऱ्यानं, बापूरावांनी डोकं चालवलं. "मनाली राहू दे. केळझरकडं नदीकाठी राखीव जंगल हाय. देवदार नाई, साग हाय, पण झाड ते झाडच. थोडं फिरू, अन् तिथंच रोडगे भाजू."

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे म्हटल्यावर मंदाबाई लगेच तयार. त्यांनी भरपूर मोहन घालून कणीक मळली, फडक्यात बांधली, बापूरावांनी पिशवीत गोवऱ्या भरल्या, वर चादर घातली, आणि निघाले.

जंगलाच्या फाटकावर चौकीदार नत्थूजी. "काका, पिशवीत काय हाय?"

"चादर."

"चादरीले शेणाचा वास काऊन येऊन राह्यला?"

बापूराव खोकायला लागले. मंदाबाई म्हणाल्या, "गोवऱ्या हायत, भाऊ. ह्यायले खोटं बोलता येत नाई."

"आत ठिणगी बी चालत नाई, काकू. गोवऱ्या जप्त. आगपेटी बी द्या. कणीक न्या, कणकेले आग नाई लागत."

बापूराव इतके चिडले की कणकेचं गाठोडं घेऊन तरातरा आत गेले. काठी टेकत मंदाबाई मागे. नदीपाशी एका दगडावर दोघं टेकले, काठी बाजूला ठेवली, आणि कणीक सुकली का बघायला मंदाबाईंनी फडकं सोडलं. तेवढ्यात मागून एक वानर आलं, त्यानं सगळा गोळा उचलला आणि निघालं आपलं निवांत.

"अरे, तूप हाय त्यात," म्हणत मंदाबाई उठल्या आणि त्याच्या मागे. मुळं ओलांडून, चढ चढून, थेट वळणापर्यंत. काठी दगडापाशीच. बापूराव बघतच राहिले, बघत बघत मागे निघाले, आणि गोट्यांवरून त्यांचा पाय असा मुरगळला की डोळ्यांत पाणी. तरी तोंडातून आवाज काढला नाही.

मंदाबाई रिकाम्या हातानं परत आल्या. "नेली मेल्यानं. अन् तुम्ही खाली काऊन बसले?"

"पाय मुरगळला."

"मंग हाक माराची ना."

"तू चालून राह्यली होती. हाक मारली असती तं थांबली असती."

मंदाबाईंनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग काठीकडे. काठी उचलली आणि बापूरावांच्या हातात दिली. "घ्या. हळू चाला. पडले म्हंजे?"

परत येतात तर फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे नत्थूजींच्या अंगणात धूर. निखाऱ्यांत रोडगे, शेजारी वांग्याची भाजी.

"ह्या आमच्या गोवऱ्या," बापूराव म्हणाले.

"जप्त केलेल्या. सडवाच्या का मंग? अंगणात मनाई नाई. कणीक माही हाय, तुमच्यासाठी बी मळली. बसा."

बापूराव तुपात बुडवलेला तिसरा रोडगा खात होते, तरी पुटपुटत होतेच. मंदाबाईंनी विचारलं, "भाऊ, मनालीच्या जंगलात बी गोवऱ्या जप्त करत असतीन का?"

"करतच असतीन, काकू."

"पण मंग तिथला चौकीदार रोडगे भाजत असन का?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "जाऊनच पाहू. कवा निघाचं?"

बापूरावांनी सुजलेला पाय पुढे केला. "आधी माही काठी सुटू दे."