मारवेल गवताने बरडाचा गनीम रोखिल्याची हकीकत

कानबाई माउलीस स्मरोन, नरडाण्याच्या मुलखात बरडाच्या, म्हणजे मुरमाड उघड्या टेकाडाच्या, पायथ्याशी जे एक गाव आहे, तेथे जाहलेल्या मोहिमेची हकीकत यथामति लिहितो. मोहीम म्हणजे तोफा उडाल्या ऐसे कोणी समजू नये. परंतु ज्याच्या चुलीत पुराचे पाणी शिरले त्यास विचारावे, तो म्हणेल, तोफ परवडली.

बरडाखाली शेवटची घरे दोन. एक भटूभाऊंचे व त्यांचे कुटुंब लताबाई यांचे, दुसरे भटूभाऊंचे वडील बंधू रतिलाल नाना यांचे. नानांच्या घरावरील उतारास रानगवत माजले होते, आणि लताबाईंच्या घरावरील उतार शेळ्यांच्या खुरांनी बोडका जाहला होता. श्रावणात कानबाई भाऊबंदकीत पाळीने बसते, ती गेल्या साली लताबाईंच्या घरी बसली आणि ऐन रोटाच्या, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या, पंगतीस पाऊस उतरला. मग बरडाचा गनीम तांबडा चिखल घेवोन, न पुसता न सांगता, उंबरठा ओलांडोन आत आला, आणि देवीचा चौरंग चौघांनी डोक्यावर धरिला, आणि रोटाचे पीठ पाण्यात गेले. हर हर! लताबाई चुलीपाशी उभ्या राहोन रडल्या, हे लपवोन काय उपयोग.

नानांनी तेच समयी मसलत मांडिली की देवीची गादी, म्हणजे तिला बसविण्याचा मान, कायमची आपले घरी द्यावी. भाऊबंदकीचे वडील निंबा आबा यांनी निवाडा दिला तो येणेप्रमाणे: पुढील साली देवी लताबाईंकडेच बसेल, परंतु चिखल एक बोट जरी उंबरठ्याआत आला, तरी गादी नानांची, मग तक्रार चालणार नाही.

भटूभाऊंनी नानांच्याच सल्ल्याने उतारावर सिमेंटाचा कोट बांधिला. कोट मोठा देखणा, नारळ फोडिला, फोटो काढिले. भाद्रपदाच्या पावसात पाणी त्याचे पाठीशी तुंबले आणि मग कोटासकट खाली आले. भटूभाऊ तेव्हापासोन सल्ला या शब्दास भितात.

लताबाई चाळीसगावाकडे माहेरी गेल्या. तेथे भावाच्या शेताच्या बांधास मारवेल गवत होते, ज्याने ओढ्याकाठची माती धरोन ठेविली होती. त्याची ठोंबे उपटोन गोणी भरिली आणि गाडीने आणिली. सासरी गलका जाहला की बायका माहेराहून साडी आणितात, हिने चारा आणिला. बाईंनी कानाडोळा केला, आणि उतारास आडव्या रांगा धरोन, ओलीत ठोंबे लाविली, की पाणी जेथे जेथे धावेल तेथे तेथे अडखळावे आणि माती खाली टाकोन पुढे जावे.

मग दुसरा गनीम उभा राहिला, तो इसाकभाईंच्या शेळ्यांचा. फौज चपळ, मान वाकडी करोन कोवळे तेवढेच खाणारी. लताबाईंनी इसाकभाईंस ओट्यावर बसवोन चहा दिला आणि तह केला: गवत दाटेपावेतो शेळी उतारावर येणार नाही, दाटल्यावर विळ्याने कापोन भारा न्यावा, मूळ उपटू नये. इसाकभाईंनी तह पाळिला आणि कुमक म्हणोन लेंडीखताच्या पाट्या आणोन टाकिल्या. ऐसा दोस्त मिळाला, हे बाईंचे नशीब.

दुसरा श्रावण आला. खानदेशात कानबाई येणार म्हटली की घरोघर चुना लागतो, अंगणात काडी राहत नाही. नाना विळे, कुदळी आणि भाऊबंदकीतील पुतण्यांची फौज घेवोन आले, आणि आपल्या घरावरील रानगवत मुळासकट खरवडोन उतार ऐसा साफ केला की त्यावर पापड वाळत घालावे. आत नवीन फरशी बसविली होती, कारण गादी येणार याविषयी त्यांस संशय नव्हता. मग फौज लताबाईंच्या उताराकडे वळली.

"हाऊ बठ्ठा कचरा शे," नाना गवताकडे बोट करोन बोलिले. "देवी येवाले साफ रस्ता पाहिजे."

लताबाई उतारावर जावोन आडव्या उभ्या राहिल्या. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, आजवर मान वर केली नव्हती, ती केली. "नाना, तुम्हना आंगणमा काय करानं ते करा. मन्हा गवतले हात लावू नका."

पुतणे एकमेकांकडे पाहू लागले. फौज माघारी फिरली.

रविवारी देवी लताबाईंच्या घरी चौरंगावर बसली, आणि जागा थोडी सबब खिरीचे पातेले आणि पाहुणे नानांच्या घरी ठेविले. दुपारी पाऊस ऐसा कोसळला की बरड दिसेना. लताबाईंनी हाती घेतलेली परात खाली ठेविली आणि उंबरठ्याशी जावोन बसल्या. देवीकडेही पाहीनात, पाण्याकडेच पाहात राहिल्या.

पाणी आले. परंतु रांगारांगांत दमोन, माती वरच ठेवोन, पातळ आणि निवळ ऐसे आले, आणि दाराशेजारच्या नालीतून मुकाट निघोन गेले. आणि शेजारी एकच हलकल्लोळ उठला. खरवडलेल्या उताराची सगळी माती नानांच्या नव्या फरशीवर उतरली, पाहुणे खाटांवर चढले.

एवढ्यात नाना पातेले डोक्यावर घेवोन, गुडघ्यापावेतो तांबड्या चिखलाने माखलेले, लताबाईंच्या उंबरठ्याशी आले आणि थबकले. आत सारी भाऊबंदकी बसली होती. आबांचा निवाडा सर्वांस पाठ होता. नानांनी एक पाऊल आत टाकिले असते तर चिखल आत आला असता आणि गादी त्यांची जाहली असती. लताबाईंसही ते ठावे होते. त्या उंबरठ्याशीच बसोन राहिल्या.

नानांनी आपल्या पायांकडे पाहिले. मग आपल्या घराकडे पाहिले.

"लता," ते हळू बोलिले, "पाय धोवाले पाणी दे."

लताबाई उठल्या. घागरीकडे न जाता त्यांनी दाराशेजारच्या नालीत तांब्या बुडविला, आणि बरडावरून आलेल्या त्याच निवळ पाण्याने जेठाचे पाय धुवोन त्यांस आत घेतले.