आपोआप बिघडलेल्या वस्तू

शनिवारी सकाळी चिमणीने आपला कप आपणच धुऊन ठेवला आणि तपासनिसांना पहिला संशय आला.

"अगं, हिला बरं नाहीये का?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"मलाही तेच वाटतंय. काल तर मला म्हणाली, 'आई, दमलीस का?'"

बारावीत नापास झाल्यापासून चिमणीची चिवचिव पार बंद झाली होती. खोलीचं दार लावलेलं आणि तोंडात एकच उत्तर, "माहीत नाही." आणि आता ती चक्क गुणगुणत होती. हा बदल कधीपासून, तेही दोघांना ठाऊक होतं. टेबलदिवा बिघडला म्हणून ती कोपऱ्यावरच्या इंजिनीअरबाईंकडे गेली आणि तेव्हापासून दर शनिवारी जाऊ लागली. या बाई निवृत्तीनंतर हौसेने लोकांच्या वस्तू दुरुस्त करून देत.

"तिथे करता काय तुम्ही?" तपासनिसांनी विचारलं होतं.

"काही नाही. काम करतो, बोलतो."

"कशाबद्दल?"

"असंच."

तपासनीस विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. दुकानाला आग लागण्याआधी मालकाचा स्वभाव कसा अचानक गोड होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. शिवाय ही बाई तासन्‌तास दुसऱ्याच्या मुलीचं फुकट ऐकते, म्हणजे काय?

"आपण तरी ऐकतो का तिचं?" बायको म्हणाली.

"आपली गोष्ट वेगळी. आपण आईबाप आहोत."

बाईंची पाहणी करायची तर हातात बिघडलेली वस्तू हवी. घरात नेमकं सगळं धडधाकट! मग बायको बाजारात गेल्याचं बघून तपासनिसांनी प्लग काढला आणि कात्रीने इस्त्रीची वायर कापली.

बाईंच्या खोलीत एक लांब टेबल होतं, डब्यांत उभे केलेले स्क्रू ड्रायव्हर आणि दोन स्टुलं. बाईंनी इस्त्री पाहिली, मग तपासनिसांना पाहिलं. "कशी बिघडली?"

"आपोआप."

"बरं. ठेवून जा."

एवढंच. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. 'मुरलेली दिसते,' तपासनीस मनात म्हणाले आणि दोन दिवसांनी रेडिओ घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी घरी उकडायला लागलं.

"पंखा कुठे गेला?"

"दुरुस्तीला दिलाय," बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

"काय झालं त्याला?"

"आपोआप बंद पडला."

'आपोआप' या शब्दाचा अर्थ तपासनिसांना धंद्यामुळे चांगला माहीत होता. पण रेडिओही आपोआपच गेलेला, त्यामुळे ते गप्प बसले. सकाळी चुरगळलेल्या शर्टाने कचेरीत गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "काय हो, रात्री शर्ट उशीखाली होता का?"

शनिवारी बाईंचा निरोप आला, "दोघंही या."

"आज सोक्षमोक्ष लावतो," तपासनीस चपला घालत म्हणाले. "पुढच्या शनिवारपासून हे जाणं-येणं बंद."

टेबलावर इस्त्री, रेडिओ आणि पंखा ओळीने मांडले होते. पलीकडे चिमणी हाताची घडी घालून उभी होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या घराचा संशय येतोय."

"आमच्या?" तपासनीस उडालेच.

"आठवड्यात तीन वस्तू येतात आणि तिन्ही मुद्दाम कापलेल्या! घरात कोणाच्या डोक्यात राग जातो का, असं मी हिला विचारलं. या पोरीला घरी परत पाठवावं की नाही, याचाच विचार करत होते."

"कापलेल्या कशावरून?"

"तुटलेलं टोक विस्कटतं, बाबा. कापलेलं साफ असतं," चिमणी म्हणाली. "जेवताना तूच सांगायचास. आणि बघ, इस्त्री आणि रेडिओ एकाच तिरक्या हाताने कापलेत. डावऱ्या."

तपासनिसांनी डावा हात खिशात घातला. बायकोने विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं.

"आई, हसू नकोस. पंख्याची वायर झिगझॅग कात्रीने कापलीये. तशी कात्री आपल्याकडे शिवताना कोण वापरतं?"

तपासनीस पुटपुटले, "आम्हाला काळजी वाटत होती."

"मग मला विचारायचं ना!"

"विचारलं की! कुठे होतीस, कधी आलीस..."

"ती चौकशी झाली," चिमणी म्हणाली.

"पण बाई, तुम्ही हिला करता तरी काय?" बायकोला राहवेना.

"मी? मी स्क्रू काढते. ती बोलते. मधूनमधून मी 'मग?' म्हणते."

"बस्स?"

"करून बघा. जमायला कठीण आहे." बाईंनी दोघांच्या हातात एकेक स्क्रू ड्रायव्हर दिला. "ज्याचं त्याने जोडायचं. चिमणे, शिकव यांना."

दोघं निमूटपणे स्टुलांवर बसली. वायर सोलताना तपासनिसांच्या कपाळावर घाम आला. चिमणीने त्यांच्या हातावर हात ठेवून पक्कड सरळ केली आणि खाली बघतच म्हणाली, "बाबा, मी परत परीक्षेला बसणारे. पण भीती वाटते."

'अभ्यास केलास तर कशाला वाटेल?' हे वाक्य तपासनिसांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते कसंबसं गिळलं.

"मग?" ते म्हणाले.

मग चिमणी बोलायला लागली. इस्त्री जोडून झाली तरी ती बोलतच होती. म्हणून तपासनिसांनी बसवलेला स्क्रू पुन्हा काढला.

निघताना त्यांची नजर फळीवर गेली. तिथे घरचा टेबलदिवा होता.

"हा अजून दुरुस्त झाला नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एकेकाला वेळ लागतो."

तपासनिसांनी दिवा उचलला आणि सवयीने वायरचं टोक बोटांत धरून पाहिलं. साफ होतं. त्यांनी चिमणीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"हा कसा बिघडला गं?"

"आपोआप," चिमणी म्हणाली.

तपासनिसांनी दिवा परत फळीवर ठेवला आणि कोणाच्या सहज हाती लागणार नाही इतका मागे सरकवला.

"घाई नाही," ते बाईंना म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघा."